लुगड्याच्या चार घड्या

गेले काही दिवस मी भेटेल त्याला धरून एकच गोष्ट सांगते आहे. भाजीवाल्या मावशींना सांगून झाली, बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या आजोबांना सांगून झाली, आता तुमची पाळी. धुऊन धुऊन मऊ झालेली जुनी सुती साडी घ्यायची, तिच्या चार घड्या करायच्या, कळशीच्या तोंडावर ताणून बांधायची आणि तळ्याचं किंवा नदीचं पाणी त्यातून आत घ्यायचं. बस्स. एवढ्यानं कॉलरा जवळजवळ निम्म्यावर येतो. निम्म्यावर! आणि हे आजीबाईच्या बटव्यातलं नाही हो. बांगलादेशातली 65 गावं, सुमारे 1 लाख 33 हजार माणसं, तीनेक वर्षं चाललेली पाहणी, आणि 2003 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आलेला शोधनिबंध. घट 48 टक्के. खर्च शून्य, कारण जुनी साडी घरात असतेच.

मी यात शिरले ती एका कागदी खेळण्यामुळे. माझी वहिनी शाळेत विज्ञान शिकवते, तिच्याकडे फोल्डस्कोप आला होता. जाड कागदाचे छापील तुकडे, खुणांवर घड्या घालायच्या, खाचांत खाचा अडकवायच्या, मधे ज्वारीच्या दाण्याहून लहान काचेचा मणी, की झाला सूक्ष्मदर्शक तयार. वस्तू 140 पट मोठी दिसते! मेरठला जन्मलेले, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले आणि आता स्टॅनफर्डला असलेले मनू प्रकाश आणि त्यांचे विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांची ही करामत. 2014 साली त्यांनी ती जगापुढे ठेवली तेव्हा सगळ्या सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत होता. मी आधी कांद्याचा पापुद्रा पाहिला, मग मीठ, मग मुंगीचा पाय, आणि मग घरातले ‘पुरे आता’ म्हणेपर्यंत हाताला लागेल ते.

गावी गेले तेव्हा तो सोबत घेऊन गेले. आमच्या जुन्या आडाचं पाणी आता कुणी पीत नाही, पण आड आहे. बादलीभर पाणी शेंदलं आणि त्यातलं थोडं पांढऱ्या वाटीत घेतलं. नीट बघितलं तर पाण्यात पांढुरके कण हलत होते. कचरा तरंगतो तसे नव्हे. हे कण थांबत होते, उडी मारत होते, पुन्हा थांबत होते. एक ठिपका ड्रॉपरनं उचलून काचेवर घेतला, कागद डोळ्याला लावला, आणि मी ओरडलेच.

डोळा! लालभडक, एकुलता एक, कपाळाच्या बरोब्बर मध्यावर. प्राणी जेमतेम मिलिमीटरभर, तरी फोल्डस्कोपच्या चौकटीत अख्खा मावेना. कागद सरकवत सरकवत बघावा लागला. डोळ्यामागे काचेसारखं पारदर्शक अंग, आत आतडं वळवळताना दिसतंय. पुढे दोन लांब मिशा, त्यांच्या फटकाऱ्यानं ती उडी. आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांनी भरलेल्या दोन पिशव्या, म्हणजे बाई होत्या त्या. नाव सायक्लॉप्स, ग्रीक कथांतल्या एकडोळ्या राक्षसावरून. कोळंबी-खेकड्यांच्या भावकीतला. कोपेपॉड नावाच्या ज्या गटात तो मोडतो, त्या गटाचे जीव समुद्रापासून डबक्यापर्यंत सगळीकडे आहेत. डेल्फ्ट गावच्या लेवेनहुकनं 1674 साली तळ्याच्या पाण्यात सूक्ष्म जीव पाहिले तेही असंच एका भिंगातून, आणि हा गृहस्थ मूळचा कापडाचा व्यापारी! कापडाचे धागे पारखायला भिंगं वापरणाऱ्यांच्या धंद्यातला माणूस. कापड आणि पाण्यातला किडा यांची गाठ तेव्हापासूनच पडलेली दिसते.

रात्री मोबाइलवर ‘कोपेपॉड’ शोधायला बसले आणि पहाट झाली.

कॉलऱ्याचं म्हणजे आपल्या पटकीचं एक जुनं कोडं होतं. साथ येते, गावंच्या गावं झोडपते, आणि जाते. लोक मरीआईला गावाबाहेर पोचवून येत, ते उगाच नाही. ती खरोखरच कुठूनतरी यायची आणि कुठेतरी जायची. पण कुठे? इटलीच्या पाचिनीनं 1854 सालीच तो स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पाहिला होता, रॉबर्ट कॉखनं 1884 साली कोलकात्यात तो पुन्हा धुंडाळून पक्का केला. मात्र दोन साथींच्या मधल्या काळात हा जंतू राहतो कुठे? माणसाच्या आतड्यात, असं सगळे मानत. मग रिटा कॉलवेल नावाच्या अमेरिकी बाईंना तो चेसापीक उपसागराच्या पाण्यात सापडला. साथ नाही, रोगी नाहीत, आणि जंतू मजेत! त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे 1977 साली प्रसिद्ध केलं. सहजासहजी कुणी मानायला तयार नव्हतं. पुढे बांगलादेशचे अन्वर हक त्यांच्यासोबत आले, आणि 1983 साली दोघांनी दाखवून दिलं की हा जंतू कोपेपॉडच्या अंगाला चिकटून राहतो. कोपेपॉडचं कवच कायटिनचं, आणि कायटिन पचवण्याची सोय जंतूकडे आहे. म्हणजे राहायला घर आणि तेच घर खायला! एका कोपेपॉडवर हजारोंच्या संख्येनं जंतू असू शकतात. वर आणखी एक लबाडी: परिस्थिती बिघडली की जंतू जिवंत असूनही निपचित पडतो, प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाही. शोधणाऱ्याला वाटावं, पाणी स्वच्छ आहे.

आता इथे माझ्या डोक्यात जी वीज चमकली ती तुमच्याही चमकू दे. कॉलरा व्हायला एकदोन जंतू पुरत नाहीत, पोटात हजारो-लाखोंनी जावे लागतात. पण कोपेपॉड गिळला की ते गठ्ठ्यानं जातात. जंतूची लांबी दोन-तीन मायक्रॉन, तो कुठल्याही कापडातून आरामात पार होईल. कोपेपॉड मात्र त्याच्या कितीतरी पट मोठा. तेव्हा जंतूच्या मागे धावायचंच कशाला? ज्याच्या पाठीवर बसून तो येतो, त्यालाच दारात अडवायचं!

बांगलादेशात पाणी उकळा म्हणून सांगणं सोपं होतं, पण जळण आणायचं कुठून? पुराच्या दिवसांत तर चूलच पाण्याखाली. कूपनलिका खणल्या, तर पुढे त्यांतल्या अनेकांच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. म्हणून कॉलवेल आणि हक यांनी प्रत्येक घरात आधीपासून असलेली वस्तू हुडकली. तिथल्या बायका सरबत गाळायला साडीचं कापड वापरतच होत्या. प्रयोगशाळेत तपासल्यावर कळलं की नव्या साडीपेक्षा जुनी बरी! धुऊन धुऊन धागे फुगतात, विसविशीत होतात आणि मधली भोकं बारीक होत जातात. चार ते आठ घड्या केल्या की भोक साधारण 20 मायक्रॉनचं उरतं, आणि कोपेपॉडसारख्या तरंगत्या जिवांना, म्हणजे प्लवकांना, चिकटलेले 99 टक्क्यांहून जास्त जंतू कापडावरच अडकतात. मग मतलब भागातल्या गावांत, जिथे कॉलऱ्याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या जातात, घरोघरी जाऊन बायकांना शिकवलं: चार घड्या, गाळून झालं की कापड खळबळायचं, उन्हात वाळवायचं. काही गावांना साडीऐवजी नायलॉनची जाळी दिली होती, तिनंही कॉलरा घटला, पण साडी थोडी सरसच ठरली. जुनेराची ही शान मला फार आवडली.

सकाळी उठून मी आत्याच्या मागे लागले, जुनं सुती लुगडं काढ म्हणून. आमच्या शहरातल्या घरात सगळं सिंथेटिक. कपाट पालथं घातलं असतं तरी सुती साडी निघाली नसती. आत्याच्या पेटीत गोधडीसाठी राखलेलं एक विटकं नऊवारी होतं. त्याचा तुकडा घेतला, चार घड्या केल्या, आडाचं पाणी गाळलं. खालच्या पातेल्यातल्या पाण्यात भिंगाखाली एक सायक्लॉप्स दिसेना. मग कापड उलटं करून वाटीतल्या पाण्यात झटकलं, तर वाटीत जत्रा! मोठे, लहान, पिशव्यावाले, आणि नुकती अंड्यातून आलेली सहा पायांची पोरं.

“बघ ना आत्या, किती अडकलेत!”

“मग? आम्ही घागरीला फडकं काय शोभेला बांधत होतो? आणि तरी मला नारू झालाच.” असं म्हणत तिनं घोट्याजवळचा पांढरा व्रण दाखवला. “घरचं पाणी गाळून प्यायचो गं. रानात कामाला गेल्यावर कोण फडकं घेऊन जातंय? पायविहिरीत उतरायचं, ओंजळीनं प्यायचं.”

नारू! मी पुन्हा मोबाइल उघडला, आणि पुन्हा ओरडले, कारण तिथेही तोच एकडोळ्या बसला होता. रशियन निसर्गशास्त्रज्ञ फेदचेन्कोनं 1870 साली तुर्कस्तान प्रांतात शोधून काढलं होतं की नारूची पिल्लं आधी सायक्लॉप्सच्या पोटात वाढतात. तो पाण्याबरोबर आपल्या पोटात गेला की पचतो, आणि पिल्लं सुटतात. वर्षभर पत्ता लागत नाही. मग पायावर फोड येतो, आग होते, तो फुटतो आणि दोऱ्यासारखी मीटरभर लांब मादी डोकं बाहेर काढते. रोज थोडी थोडी काडीला गुंडाळत आठवडे काढायचे. तुटली तर आणखी पंचाईत. आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवतो, त्याच क्षणी ती हजारो पिल्लं पाण्यात सोडते. पायविहिरीत उतरलेल्या एकट्या पायानं अख्ख्या गावाची पुढच्या वर्षाची तजवीज व्हायची.

आणि ऐका, या रोगावर लस नाही. औषध नाही. आजही नाही. तरी 1986 साली आफ्रिका-आशियात मिळून ज्याचे अंदाजे 35 लाख रोगी होते, त्याचे 2023 साली जगभरात फक्त 14 उरले! भारतात 1980च्या दशकात मोहीम सुरू झाली, महाराष्ट्रही त्या सात राज्यांत होता. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून कठडे बांधले, हातपंप बसवले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकलं, आणि घरोघरी गाळायचं कापड दिलं. शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला, आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. या बातमीवर देशभर फटाके का वाजले नाहीत, मला समजत नाही.

आत्याच्या रानातल्या ओंजळीवरही आफ्रिकेत उपाय काढला गेला: गळ्यात अडकवायची एक नळी, तिच्या तोंडाशी जाळी. गुरं चारणाऱ्यानं वाकावं, नळी पाण्यात घालावी आणि ओढून प्यावं. नारूविरुद्धच्या जगभरच्या मोहिमेच्या मागे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांची संस्था उभी होती. शेवटचा नारू माझ्याआधी मरावा, असं ते 2015 साली म्हणाले होते. 2024च्या डिसेंबरात, वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले, आणि नारू थोडक्यात उरला. मधेच चाडमध्ये कुत्र्यांना नारू होतो असं लक्षात आलं आणि मोहीम लांबली.

जैन घरांत पाणी गाळतात ते पाण्यातल्या जिवांना इजा होऊ नये म्हणून, आणि गाळलेले जीव परत त्याच पाण्यात नेऊन सोडतात. म्हणजे वाचवायला निघाले किड्याला, आणि वाचलं सगळं घर!

इतकं सगळं ऐकून वहिनीनं मास्तरकीनं बोट वर केलंच, आणि ते रास्त आहे. सुटे तरंगणारे जंतू, काविळीचे विषाणू, टायफॉइड, यांना चार काय आठ घड्याही अडवत नाहीत. शहरातल्या नळात गटाराचं पाणी मिसळलं तर तिथे कोपेपॉडचा संबंधच नाही. उकळणं किंवा क्लोरीन शक्य असेल तर तेच करायचं. साडी आहे ती ज्याच्यापाशी यातलं काहीच नाही त्याच्यासाठी.

पण मग उपग्रहाचं काय! हो, उपग्रह. समुद्राचं पाणी तापलं की शेवाळासारखी सूक्ष्म प्लवकं माजतात, त्यांच्यावर कोपेपॉड पोसतात, आणि त्यांच्या पाठोपाठ कॉलरा. कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी बंगालच्या उपसागराचं तापमान आणि पातळी उपग्रहावरून मोजून बांगलादेशातल्या रोग्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिली, आणि चढउतार जुळत गेले. हे 2000 साली छापून आलं. मरीआई कधी येणार याचा अंदाज आकाशातून बांधता येण्याची ही सुरुवात.

आणि शेवटचं, मग सोडते तुम्हाला. साडीचा प्रयोग संपल्यावर पाच वर्षांनी ते संशोधक पुन्हा मतलब भागात गेले आणि 7,233 बायकांशी बोलले. मधल्या काळात कुणी घरोघरी आठवण करून द्यायला आलं नव्हतं, तरी त्यांतल्या 31 टक्के बायका पाणी गाळत होत्या, त्यांतल्या 60 टक्के साडीनंच. आणि कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं ते निघालं: गाळणाऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्या, स्वतः न गाळणाऱ्या घरांतही कॉलरा कमी झाला होता. एका घरात आजार कमी, तर तळ्यात जाणारा जंतूही कमी.

हे मी आत्याला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. तिनं समोरच्या घराकडे नजर टाकली आणि म्हणाली, “म्हणजे हात मोडेस्तोवर गाळायचं मी, आणि फायदा हिचा?”