चाकांवरची काळी पूड

गाडी धुणे हा काही मासिकात लिहिण्याचा विषय नव्हे, असे वाचक म्हणतील. त्यातून आम्ही लिहिणार ते सबंध गाडीबद्दलही नाही. फक्त चाकांबद्दल, आणि चाकांवर बसणाऱ्या काळ्या पुडीबद्दल. दिमोनात आमच्या इमारतीतली मंडळी दर शुक्रवारी सकाळी आम्हां दोघांना बादली आणि ब्रश घेऊन चाकांपाशी उकिडवे बसलेले पाहतात आणि हसतात. शेजारच्या मावशी तर म्हणतात, "अहो, गाडीचं तोंड धुवायचं सोडून पाय काय धूत बसता?" त्यांना उत्तर म्हणून हे चार शब्द.

ती पूड म्हणजे रस्त्यावरची धूळ नव्हे. आमच्या नेगेवची धूळ पिवळसर असते आणि पाण्याचा हात लागताच उतरते. ही काळी-तपकिरी, आणि बोटाला लागली की साबणानेही लवकर जात नाही. ब्रेक दाबला की दोन पॅड लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. त्या घासण्यात पॅडही झिजतो आणि डिस्कही झिजते. पॅडमध्ये राळ, धातूचे तंतू, ग्रॅफाइट असे बरेच काही दाबून घट्ट केलेले असते. डिस्क असते बिडाची. दोहोंचे बारीक कण तापलेले असतानाच उडतात आणि रिमला चिकटतात. वर रात्रीचे दव पडले की त्यातले लोखंड गंजते आणि रिमच्या वरच्या लेपात रुतून बसते. म्हणून महिनाभर तसेच सोडलेले चाक नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नाही.

हे आम्हांला प्रथम कळले ते पुस्तकातून नव्हे. बाबा मुंबईला परळच्या रेल्वे वर्कशॉपात कामाला होते. त्या काळी डब्यांच्या ब्रेकचे ठोकळेही बिडाचेच असत, आणि बाबांच्या खाकी सदऱ्यावर संध्याकाळी तीच पूड बसलेली असे. आई तो सदरा कुणाला झटकू देत नसे. "झटकलात तर घरभर होईल आणि नाकातोंडात जाईल," असे म्हणून ती तो अलगद पाण्यात सोडी. सदरा चुकून ओला राहिला तर दुसऱ्या दिवशी त्यावर गंजाचे तांबूस ठिपके दिसत. मग ती लिंबू आणि मीठ चोळून तो उन्हात टाकी. आईला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण आज चाकांबद्दल जे सांगतात ते सारे ती करीतच होती.

आता आमच्या रस्त्याबद्दल. दिमोना समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे, आणि मृत समुद्राचे पाणी समुद्रसपाटीच्या सुमारे ४३० मीटर खाली. आमचा थोरला रोज पहाटे सदोमच्या बाजूला कामाला जातो, म्हणजे रोज जवळजवळ एक किलोमीटर खोल उतरतो. १३०० किलोची गाडी एवढी खाली आणताना जी शक्ती मोकळी होते, तिने ३५ लिटरांहून अधिक पाणी उकळेल. त्यातली काही हवेच्या अडथळ्यात जाते. ड्रायव्हर शहाणा असेल आणि खालच्या गिअरमध्ये उतरत असेल तर बरीचशी इंजिन घेते. उरलेली सारी ब्रेकच्या वाट्याला येते आणि उष्णता व काळी पूड होऊन बाहेर पडते. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त काळी होतात. ज्या गाड्यांना मागे ड्रम असतात त्यांची मागची पूड ड्रमच्या आतच राहते.

मात्र पुढची दोन चाके एकमेकांसारखी काळी हवीत. या लेखातले मुख्य वाक्य हेच.

२०१९ च्या हिवाळ्यातली गोष्ट. थोरल्याची गाडी तीनच आठवड्यांपूर्वी मुसाखमध्ये तपासून आणली होती. (इथले गॅरेजवाले ब्रेकला 'ब्रेक्सीम' म्हणतात, इंग्रजी अनेकवचनाला पुन्हा हिब्रू अनेकवचन जोडलेले.) तपासणाऱ्याने चाकाच्या आऱ्यांमधून आत पाहिले आणि "ब्रेक्सीम बेसेदेर" असे सांगून टाकले. त्या शुक्रवारी आम्ही चाके धुवायला बसलो तर पुढचे डावे चाक नेहमीसारखे आणि उजवे काजळी धरलेल्या पातेल्यासारखे. आदल्या शुक्रवारी दोन्ही सारखीच लख्ख केलेली. थोरला नुकताच बाजारातून आला होता. उजव्या रिमजवळ हात नेला तर धग लागली, डावे कोमट होते. तो म्हणाला, "रविवारी कामावरून आलो की दाखवतो." आम्ही म्हटले, "रविवारी तू बसने जाशील. गाडी इथेच राहील."

रविवारी आम्ही ती दुसऱ्या मुसाखमध्ये नेली. त्याने चाक उतरवले. कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो त्यांतली एक पिन गंजून अडकली होती. त्यामुळे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच राहत होता. बाहेरचा पॅड चांगला होता, म्हणून पहिल्या माणसाला आऱ्यांतून सारे ठीक दिसले असावे. आतल्या पॅडवर मात्र पोस्टाच्या पाकिटाइतकीही जाडी उरली नव्हती. मागची पोलादी पट्टी डिस्कला लागायच्या बेतात होती. कारागिराने तो पॅड थोरल्याच्या आईच्या हातात ठेवला आणि विचारले, "हा मुलगा रोज खाली सदोमला जातो?" तो पॅड अजून आमच्या फडताळात आहे.

आता धुण्याची रीत. गाडी सावलीत उभी करावी आणि चाके थंड होऊ द्यावीत. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतणे बरे नव्हे, आणि गरम रिमवर साबण सुकून डाग पडतात. आधी चाके, मग बाकीची गाडी. चाकांची बादली आणि फडके वेगळे ठेवावे, नाहीतर लोखंडाचे कण रंगावर ओरखडे काढतात. एका वेळी एकच चाक घ्यावे. भरपूर भिजवावे, सौम्य साबण लावावा, मऊ ब्रशाने आऱ्यांच्या मागेही हात घालावा आणि सुकण्याआधी धुऊन काढावे. एवढ्याने न निघणाऱ्या ठिपक्यांसाठी लोखंड सोडवणारे द्रव्य मिळते. ते फवारताच जांभळे ओघळ येतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. हातमोजे घालावेत आणि बाटलीवर लिहिली असतील तेवढीच मिनिटे ठेवावे. कडक आम्लाच्या स्वस्त बाटल्या टाळाव्यात. त्या अॅल्युमिनियमच्या रिमवरचा लेप खातात. आईच्या लिंबाचा प्रयोगही चाकावर करू नये. इथले पाणी जड, म्हणून शेवटी कोरड्या फडक्याने पुसावे.

आणखी एक. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेले. तेलाशी एवढे जुने नाते असले तरी चाक चकाकावे म्हणून तेलाचा बोळा फिरवण्याचा मोह आवरावा. डिस्कवर तेल गेले की ब्रेक लागत नाही. आणि गाडीला शब्बाथची विश्रांती देणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की शुक्रवारी धुतलेली गाडी ओलीच उभी केली तर रविवारपर्यंत डिस्कवर गंज धरतो. धुतल्यावर गल्लीत एक फेरी मारावी, दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबावा, म्हणजे डिस्क सुकते. अश्दोदसारख्या समुद्राकाठच्या गावी तर याची गरज अधिकच.

हवेच्या नळीने पूड उडवणे मात्र कधीही नको, कोरड्या ब्रशानेही नको. पूर्वी ब्रेकच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस सर्रास वापरीत. ती धूळ श्वासातून गेली तर रोग उमटायला कित्येक दशके लागतात. युरोपीय संघात अॅस्बेस्टॉसवर २००५ पासून बंदी आहे, इस्रायलने त्याच्या धोक्याविरुद्ध २०११ मध्ये कायदा केला. जुन्या गाडीत किंवा कुठून तरी आणलेल्या स्वस्त पॅडमध्ये काय असेल हे डोळ्यांना दिसत नाही. नव्या पॅडची पूडही फुप्फुसांना हितकारक नाहीच. म्हणूनच युरोपच्या २०२४ साली मंजूर झालेल्या 'युरो ७' नियमांत ब्रेकच्या कणांवर प्रथमच मर्यादा आली: बहुतेक मोटारींना दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, निव्वळ विजेवर चालणाऱ्यांना ३. विजेची गाडी पुष्कळसे काम मोटरकडूनच करून घेते आणि तिचे पॅड कमी झिजतात. आईने सदरा झटकू दिला नाही, ते योग्यच होते.

पेसाहच्या आधी आपण सारेच गाडीच्या बैठकींखालचे बिस्किटांचे कण वेचून काढतो. तेव्हा खाली वाकलेलेच असतो, तर चाकांकडेही पाहावे. आणि त्यासाठी पेसाहची वाट पाहण्याचे कारण नाही. शुक्रवारी मुले घरी येतात, कुणी सैन्यातून, कुणी कामावरून. गाडी खाली उभी असते. चारही चाकांभोवती एक फेरी मारा. पुढची दोन सारखी काळी असतील तर भिजवून धुऊन टाका. सारखी नसतील तर धुऊ नका. तशीच मुसाखवाल्याला दाखवा, आणि चाक उतरवून आतला पॅड पाहायला सांगा.