संकलनाची बैठक

चित्रफितीचे संकलन लॅपटॉपवर करावे की डेस्कटॉपवर, हा प्रश्न साहित्यप्रेमींच्या पत्रिकेत शोभेल का, अशी शंका काही वाचकांना येईल. परंतु नौबादमधील आम्हां चार-पाच मराठी कुटुंबांत गेली तीन वर्षे या प्रश्नावर जितका खल झाला, तितका एखाद्या गाजलेल्या कादंबरीवरही झाला नसेल. आमच्या घरांतील ऐंशी-नव्वदीच्या मंडळींचे बोलणे आम्ही चित्रित करून ठेवीत आहोत. हे बोलणे मराठीच. पण त्याला कन्नडचा हेल आहे, दखनीची फोडणी आहे, निजामी अमदानीतील कचेरीचे शब्द आहेत. आमच्या मुलांच्या तोंडी ते आता उरलेले नाही, आणि बोलणाऱ्यांचे वय कोणासाठी थांबत नाही. म्हणून कोणते यंत्र घ्यावे, हा प्रश्न आम्हांला केवळ खर्चाचा राहिला नाही.

संकलन ही मुळात घरातलीच कला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली प्रदर्शित झाला. त्या काळी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाईंनी घरसंसार सांभाळून आत्मसात केली होती. पुढे स्टुडिओ आले, मोविओला आणि स्टीनबेकसारखी अवजड यंत्रे आली, आणि संकलन घरातून उठून बंद, अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. 1989 पासून त्या खोलीत संगणक शिरू लागला, तरी खोली बंदच राहिली. जे बोलले ते बाहेर, जो कापतो तो आत, अशी ही वाटणी.

आमच्यातील जाणत्यांनी प्रथम डेस्कटॉपची बाजू मांडली, आणि ती भक्कम होती. साधा हिशेब पाहावा. सेकंदाला 100 मेगाबिट या गतीने कॅमेऱ्यावर चित्रण केले, तर एका तासाला सुमारे 45 जीबी जागा लागते. एका आजोबांच्या चार बैठका म्हणजे सहज 300 जीबी. डेस्कटॉपच्या पेटीत आणखी एक हार्ड डिस्क बसवता येते, रॅम वाढवता येते, बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते. घेताना जे घेतले तेच शेवटपर्यंत. शिवाय नावाने फसू नये. आरटीएक्स 4090 या नावाचे ग्राफिक्स कार्ड डेस्कटॉपमध्ये 450 वॅटपर्यंत वीज घेऊ शकते. लॅपटॉपमधील त्याच नावाच्या कार्डाला साधारण 150 वॅटांच्या आसपास भागवावे लागते, आणि त्यातील चिपही निराळी व लहान असते. एकच नाव असले, तरी दोघांचा वकूब एक नसतो.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. नौबादच्या सुरंग बावीला वाट काढणाऱ्या बहामनीकालीन कारागिरांनी जांभ्या खडकात ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी खणल्या. त्यांतून माती वर काढता आली आणि खालच्या भुयारात हवा खेळती राहिली. संगणकालाही असाच श्वास लागतो. डेस्कटॉपच्या पेटीत मोठे पंखे आणि मोकळी जागा असते. लॅपटॉपच्या दोन बोटे जाडीत ती कुठून यावी? तासभर सलग काम चालले की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो. चैत्र-वैशाखात तर हे विशेष जाणवते.

इतके सगळे पटूनही पहिला लॅपटॉपच आला. एक तर वीज. ती गेली की डेस्कटॉपला यूपीएसचा आधार काही मिनिटांचा. लॅपटॉपची बॅटरी मात्र हातातले काम पुरे करू देते. दुसरे असे की, नोव्हेंबर 2020 मध्ये अ‍ॅपलची एम1 चिप आल्यापासून लॅपटॉपविषयीच्या जुन्या समजुती पुष्कळ बदलल्या. कमी विजेवर, फारसे न तापता संकलन करणारी यंत्रे तेव्हापासून मिळू लागली. तथापि आमचा कौल फिरला तो तिसऱ्याच कारणाने.

आमच्यातील एका आजींचे माहेर उदगीरचे. लग्न 1955 सालचे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर मुंबई राज्यात गेले आणि बिदर म्हैसूर राज्यात. एका रात्रीत माहेर परराज्यात गेले, हे सांगताना आजी थांबल्या. ती शांतता चांगली अकरा सेकंदांची होती. कोणताही संकलक अशी जागा कापतो. आमच्या मुलानेही कापली होती. लॅपटॉप आजींच्या पलंगावर ठेवून त्यांना ते दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे बाळा, तिथं मी गप्प नव्हते. आईचा चेहरा बघत होते. ते राहू दे.” आणि पुढे एका भावकीच्या भांडणाचे वाक्य आले, तेव्हा हात वर करून म्हणाल्या, “हे मात्र काढ. माणूस गेला, आता त्याचं नाव नको.” काय ठेवायचे आणि काय काढायचे, दोन्ही त्यांनीच ठरवले.

बंद खोलीतील डेस्कटॉपसमोर आजींना नेणे शक्य नव्हते. गुडघे साथ देत नाहीत. यंत्र त्यांच्यापर्यंत गेले म्हणून संकलनाचा हक्क त्यांच्यापर्यंत गेला. वेगाच्या कोष्टकात या गुणाला रकाना नसतो.

आता आमची रीत ठरली आहे. मूळ चित्रण डेस्कटॉपवर उतरवतो आणि त्याच्या हलक्या प्रती, ज्यांना जाणकार प्रॉक्सी म्हणतात, लॅपटॉपवर घेतो. भालकी, औराद, जिथे बोलणारे असतील तिथे जाऊन त्यांच्याशेजारी बसून कापाकापी करतो. परत आल्यावर तेच निर्णय मूळ चित्रणाला लावण्याचे आणि अंतिम फीत तयार करण्याचे जड काम डेस्कटॉप करतो. प्रत्येक चित्रणाच्या तीन प्रती. त्यांतील एक दुसऱ्या गावी. लॅपटॉप हरवतो, पडतो, चहा सांडून बिघडतो. त्यावर एकुलती एक प्रत ठेवू नये.

ज्या कुटुंबाला दोन्ही यंत्रे परवडत नाहीत, त्यांनी काय करावे? आमचे मत असे की, घरात बोलणारे कोणी वृद्ध असतील, तर आधी लॅपटॉप घ्यावा आणि सोबत दोन बाहेरच्या हार्ड डिस्क. डेस्कटॉप पुढच्या वर्षीही मिळेल, आणि कदाचित आजच्याहून सरस मिळेल. आजी-आजोबांच्या बाबतीत असे म्हणता येत नाही.