मामाचा बेंजो आणि मेलबर्नची पार्टी

शुक्रवारी रात्री रिलीज संपवून घरी आलो, तर झोप पार उडालेली. यूट्यूबवर भटकता भटकता 'द बॉम्बे रॉयल' नावाचा बँड सापडला. बँड मेलबर्नचा आणि संगीत कसलं, तर आपल्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या हिंदी सिनेमांच्या वळणाचं! सर्फ गिटार, फंक, सायकेडेलिक रॉक, आणि त्यावर व्हिलनच्या अड्ड्यावर वाजावेत तसे ब्रास. २०१२ च्या 'यू मी बुलेट्स लव्ह' या अल्बममध्ये त्यांनी 'गुमनाम' (१९६५) मधलं शंकर-जयकिशनचं 'जान पेहचान हो' सुद्धा घेतलंय. जाम आवडलं. सलग चार वेळा ऐकलं.

चौथ्या वेळी ट्यूब पेटली. हा आवाज आपण आधी ऐकलाय. मुरबाडला. मामाच्या बेंजोचा.

(माहीत नसणाऱ्यांसाठी: वरातीतला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. तारांवर टाईपरायटरसारखी बटनं. मूळ जपानी ताईशोगोतो, १९१२ साली नागोयात जन्मलेलं.) मामा त्याला पिकअप लावायचा, इको लावायचा आणि सगळं टेम्पोवरच्या कर्ण्यातून सोडून द्यायचा. कर्ण्यात आवाज फाटायचा. रॉकवाले तसाच फाटका आवाज काढायला पैसे मोजून फझ पेडल घेतात. मामाला तो फुकट मिळत होता :)

इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलच्या भिंतीवर माझं पिंक फ्लॉइडचं पोस्टर होतं. मामा काय करतात असं कुणी विचारलं, की मी सांगायचो, इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. ताईच्या हळदीला 'बेंजो नको, डीजे आणू' हा हट्टही माझाच. मामा काही बोलला नाही. त्या रात्री तो पाहुण्यांना पाणी देत फिरत होता.

शनिवारी बाईक काढली. कल्याण, रायता पूल, गोवेली, मुरबाड. मामा पडवीत बसला होता. सरळ त्याच्या कानाला हेडफोन लावला. डोळे मिटून ऐकत होता, बोटं मांडीवर चालत होती.

"कुठली पार्टी रे ही?"

"ऑस्ट्रेलियाची."

"बेंजोवर कोण आहे?"

"बेंजो नाही मामा, गिटार आहे."

"तरीच." मग जरा वेळाने, "पण पोरं मन लावून वाजवतात हां."

मग मी त्या दुकानाचं सांगून टाकलं. हळदीचंही सांगायचं होतं, पण ते काही तोंडातून निघेना.

"माहीत आहे. तुझ्या आईने तेव्हाच सांगितलेलं," मामा म्हणाला. "सोल्डरिंग मीच करायचो ना सगळं? मग खोटं कुठे बोललास?"

माळ्यावरून बेंजो काढला. तीन बटनं अडकलेली, तारा गंजलेल्या. मामाने फुंकर मारून धूळ उडवली आणि उरलेल्या बटनांवर 'गुमनाम'मधलं ते गाणं शोधायला लागला. कुठल्या तारा आणायच्या ते मी मोबाईलमध्ये लिहून घेतलंय. पुढच्या शनिवारी परत जाणार आहे. हळदीचं तेव्हा बोलेन.