करंट अफेअर

‘मॅडम, शॉक बसेल का हो?’

फिजिओथेरपीच्या पलंगावर पालथं पडल्यापडल्या मी विचारलेला हा पहिला प्रश्न. एकोणतिसाव्या वर्षी कंबरेने असहकार पुकारला होता. डोंबिवली ते अंधेरी व्हाया दादर, एका खांद्यावर लॅपटॉप आणि पुढे नऊ तास खुर्ची. सकाळी सँडलचा पट्टा लावणं हा एक प्रोजेक्टच झाला होता. डॉक्टरांनी तपासून ‘काळजीचं काही नाही’ म्हटलं आणि फिजिओकडे धाडलं. तिथे कळलं, मला ‘टेन्स’ द्यायचंय. म्हणजे चक्क करंट!

तुमच्याही नशिबी हे आलं, तर घाबरू नका. कातडी पुसून कंबरेवर चार चिकट पॅड लावतात. त्यांच्या वायरी एका छोट्या मशीनला जोडलेल्या. मॅडम बटण हळूहळू फिरवतात आणि विचारत राहतात, ‘मुंग्या आल्या? सोसवतंय ना? दुखायला नकोय हं.’ आधी मुंग्या, मग टकटक. पाच मिनिटांत त्याची सवय होते, मग बटण जरासं पुढे. वीस मिनिटांत मी चक्क घोरत होते! उठले तेव्हा दुखणं निम्म्यावर.

हे होतं कसं? १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. आपल्या भाषेत सांगायचं, तर मज्जारज्जू म्हणजे दादरला आलेली लोकल. स्पर्शाच्या, मुंग्यांच्या संवेदनांनी दारात गर्दी केली की वेदनेला आत शिरणं मुश्कील. कोपर आपटल्यावर आपण चोळतो, ते यासाठीच. आणि ही आयडिया आजची नाही बरं का. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर करंट देणारा जिवंत मासा लावायला सांगायचा. त्यापेक्षा पॅड बरे!

पण लोकलची गर्दी ओसरतेच. संध्याकाळी ठाण्यापर्यंत दुखणं पुन्हा हजर. मग मी घरीच वापरायला बॅटरीवरचं मशीन विकत घेतलं आणि स्वतःला एक्स्पर्ट समजायला लागले.

एका रविवारी बाबांची पाठ धरली. ‘थांबा, दोन मिनिटांत बरं करते,’ म्हणत मी पॅड चिकटवले. बटणाकडे हात गेला, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘अगं, छातीतल्या माझ्या त्या मशीनला चालेल ना हे?’

पेसमेकर. दोन वर्षांपूर्वी बसवलेला. ऑपरेशन थिएटरबाहेर रात्रभर मीच तर बसले होते! फिजिओच्या फॉर्मवर ‘पेसमेकर आहे का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’वर टिकही मीच केली होती, न वाचल्यासारखी. माझे हात गार पडले.

मॅडमना फोन लावला. ‘आधी पॅड काढा. हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.’ मग त्यांनी सगळी यादीच ऐकवली. गरोदरपणात पोटा-कंबरेवर नको. फिट्स येत असतील तर विचारल्याशिवाय नको. गळ्याच्या पुढच्या बाजूला नको. जखमेवर किंवा बधिर कातडीवर नको. गाडी चालवताना, अंघोळ करताना, झोपताना तर नाहीच.

शेवटी त्या म्हणाल्या, ‘आणि तुम्ही तरी व्यायाम करताय का?’ मी गप्प. मशीन दुखणं दाबत होतं आणि मी खुशाल तशीच वाकडी बसत होते. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने तर २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका, असंच सांगितलंय. भर हालचालीवर आणि व्यायामावर. ‘तुम्हाला बरं वाटतंय ना, मग दुखणं गप्प आहे तोवर व्यायाम उरकून घ्यायचा,’ हा मॅडमचा हिशोब.

आता रोज वीस मिनिटं मी सतरंजीवर असते. डॉक्टरांना विचारून बाबाही शेजारी हात-पाय हलवतात आणि माझ्या चुका काढतात. मशीन कपाटात आहे, कधीमधी बाहेर निघतं. त्याच्या डब्यावर मी लाल स्केचपेनने लिहून ठेवलंय: ‘बाबांसाठी नाही.’