पौषा, जरा लांबण लाव

पौष महिन्यास,



प्रेमात पडलेल्यांची पत्रं आषाढाला जातात. कालिदासाने रामगिरीवरच्या यक्षाला ढग दाखवला, तेव्हापासून विरह आणि पाऊस ही जोडी आपल्याकडे कुणी फोडलेली नाही. पण जरा हिशोब कर. यक्षाला शिक्षा वर्षभराची. ढग दिसला तेव्हा तिचे चार महिने उरले होते. म्हणजे तुझा गारठा त्याने आधीच काढला होता, डोंगरावर, एकट्याने. रामगिरी म्हणजे रामटेक हे बऱ्याच अभ्यासकांचं मत धरलं, तर तोही विदर्भातला गारठा! पावसावर तो भरभरून बोलला. बायको विरहात कशी दिसत असेल हे सांगायची वेळ आली, तेव्हा मात्र त्याला हिवाने मारलेली कमळवेल आठवली. आठवणारच. पावसाळ्यात निदान सोबतीला आवाज असतो. तुझ्या रात्री आमच्याकडे १३ तासांच्या, आभाळ कोरडं, आणि लांबून जाणारी मालगाडीसुद्धा उशाशी आल्यासारखी ऐकू येते.

पण यक्षाची बाजू मांडायला मी लिहीत नाहीये. प्रेमात असलेल्यांवर तुझं एक ऋण आहे, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही.

तुळशीचं लग्न लागलं की आमची लग्नं सुरू होतात. मार्गशीर्षात बँडवाल्यांना उसंत नसते. मग तू येतोस. भाकड महिना. "पौष लागला, आता माघातच बघू," असं बाहेरच्या खोलीत मोठी माणसं म्हणतात. आलेलं स्थळ चांगलं असतं, पत्रिका जुळलेली असते, आणि आत कणीक मळणाऱ्या मुलीच्या मनात दुसराच कुणीतरी असतो. तिच्या रडण्याने जे थांबलं नसतं, ते तू नुसता पंचांगात बसून थांबवतोस. (हल्ली हॉलच्या तारखांपुढे तुझंही फारसं कुणी ऐकत नाही, ते सोड.)

मिळालेल्या महिन्याचं ती काय करते? बहुतेक वेळा काहीच नाही. गोधडी डोक्यावरून ओढून हळू आवाजात फोनवर बोलते. "घरी सांगितलंस?" "सांगते." पळून जायचं धाडस महिनाभरात येत नाही, आणि नाद सोडायचंही येत नाही. लोक याला वेळ वाया घालवणं म्हणतात. मला तसं वाटत नाही. पुढे काही होणार नाही हे दोघांनाही कळून चुकलंय, तरी रात्री फोन लागतोच, असं प्रेम तुझ्याच राज्यात चालतं. माघ लागला की एक तर ते भांडण होतं, नाही तर आठवण.

अडचण एवढीच की तू लांबत नाहीस. अधिक आषाढ होतो, अधिक श्रावण होतो. अधिक पौष होत नाही. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. पण तुझ्या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या जवळ असल्याने जोरात धावते आणि सूर्य धनू रास साडेएकोणतीस दिवसांच्या आत ओलांडतो. अधिक होणं सोडाच, क्वचित कधी तुझा क्षयच होऊ शकतो. आणि कडाक्याच्या थंडीत आपण सूर्याजवळ? हो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो आपल्याला जुलैपेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटर जवळ असतो. किरणंच तिरपी पडतात, त्याला तो तरी काय करणार? एका पलंगावर पाठीला पाठ लावून झोपणाऱ्या नवरा-बायकोंना हे वेगळं समजवायला नको.

देवांना मात्र तुझी आडकाठी नाही. कराड तालुक्यातल्या पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न तुझ्याच महिन्यात लागतं, भंडाऱ्याने माणसं पिवळी होतात. आणि तुझ्याच पौर्णिमेला मालेगावजवळच्या चंदनपुरीत यात्रा भरते. चंदनपुरी कुणाची? बाणाईची. जिच्यासाठी देव धनगरवाड्यावर मेंढ्या राखायला राहिला, तिची. एकीकडे म्हाळसेच्या अंगाला हळद, दुसरीकडे बाणाईच्या गावी गर्दी. पुढे जेजुरीला म्हाळसा गडावर देवाशेजारी आणि बाणाईचं देऊळ अर्ध्या वाटेवर. हे सगळं उघडपणे गाण्यात गाणारे लोक आपल्या पोरीच्या फोनचं लॉक मात्र उघडून बघतात.

बीडकडच्या पोरींना तर तू मुदत देतच नाहीस. ऊसतोडीची उचल जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणून टोळी निघायच्या आत कितीतरी पोरींची लग्नं उरकून टाकतात, वय न बघता. तू येतोस तेव्हा ती कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात, पाचटाच्या कोपीत असते. पहाटेच्या अंधारात मोळ्या बांधते. तिचं गावाकडे कुणी होतं का, हे विचारायला कुणाला वेळ नसतो. त्या कोपीत तुझी थंडी नुसती थंडी असते, पौषा. तिच्याबद्दल तुझे आभार मानायला माझी जीभ रेटत नाही.

आणि तक्रार आहे ती संक्रांतीची. नवी लग्नं तू अडवतोस, पण मार्गशीर्षात झालेली मिरवतोस. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, पहिला सण. सकाळी स्टेटसवर फोटो. ज्याने तो बघायला नको होता, तोच आधी बघतो. संध्याकाळी ती माहेरी येते आणि गल्लीत तिळगूळ वाटते. त्याच्याही हातावर ठेवते, गोड बोला म्हणते. तो काय बोलणार? तोंडात टाकतो, चावत राहतो. शेजारी तिचा नवरा उभा असतो, बिचारा हसतमुख.

संक्रांत दुसऱ्या महिन्यावर ढकल, असं तुला सांगताही येत नाही. सूर्य ज्या चांद्रमासात मकरेत शिरतो त्यालाच पौष म्हणायचं, अशी तुझी व्याख्याच करून ठेवली आहे. तेव्हा मागणं एवढंच, त्या संध्याकाळी थंडी जरा जास्त ठेव. मफलर, कानटोपी घातली की पोराचा निम्मा चेहरा झाकला जातो, आणि डोळ्यांत पाणी का आलं म्हणून कुणी विचारत नाही.

कळावे, लोभ असावा.