चिखलाचें ऋण

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या सुशिक्षित गृहस्थास निसर्गदर्शनाची इच्छा झाली कीं तो प्रथम माथेरानचा विचार करतो. भांडुपच्या पंपिंग स्टेशनाकडे फिरावयास जावें असें त्याच्या स्वप्नींहि येत नाहीं. आणि शहराचें सांडपाणी जेथें जातें तेथें हवा खावयास कोण जाईल? तथापि आम्ही तेथें वर्षांतून दोनतीन वेळां जातों, आणि वाचकांनींहि एकदां जावें अशी आमची विनंती आहे.

पूर्व द्रुतगति महामार्ग सोडला कीं थोड्याच अंतरावर मोटारींचा गोंगाट मागें पडतो. वाटेच्या कडेस तिवरांचें रान, मधूनमधून डबकीं आणि मिठागरांचे बांध. ओहोटीच्या वेळीं तिवरांखालच्या चिखलांतून पेन्सिलीएवढीं असंख्य मुळें वर डोकावतात. चिखलांत प्राणवायु जवळजवळ नाहीं, म्हणून हें झाड मुळें वर काढून श्वास घेतें, आणि अंगांत शिरलेलें मीठ पानांवाटे बाहेर टाकतें. पान जिभेस लावून पाहावें, खारट लागतें.

हिवाळ्यांत गुजराथेकडून रोहित पक्षी येतात आणि बहुधा पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राहतात. चोंच उलटी धरून ते पाणी गाळतात व सूक्ष्म शेवाळ खातात. त्यांचा गुलाबी रंग त्या अन्नांतलाच. हें शेवाळ एवढें माजतें कशानें? शहराच्या सांडपाण्यांतील द्रव्यांनीं, असें शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या मोऱ्यांतून जें वाहून जातें त्याचाच अंश त्या पंखांवर चढतो! अर्थात् घाण वाढवावी असा याचा अर्थ नव्हे. प्रमाण सुटलें तर हीच खाडी मरेल.

ठाण्याची खाडी २०१५ सालीं रोहितांचें अभयारण्य झाली. पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार १९७१ सालीं इराणांतील रामसर येथें झाला होता. त्याच्या यादींत ती २०२२ सालीं गेली. परंतु पक्षी सरकारी सीमा वाचीत नाहींत. भरती आली म्हणजे ते अभयारण्याबाहेरच्या डबक्यांचा व मिठागरांचा आश्रय घेतात. आणि मुलुंड, भांडुप, कांजूर येथील मिठागरांची कांहीं जमीन धारावीकरांच्या घरांसाठीं देण्याचा निर्णय राज्यसरकारनें २०२४ सालीं घेतला.

धारावीच्या माणसास पक्कें घर नको, असें म्हणण्याचा अधिकार तिसऱ्या मजल्यावर सुखानें राहणाऱ्या आम्हांस नाहीं. परंतु २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां पाण्यास जागा हवी होती, आणि ती त्यानें सखल वस्त्यांत शिरून घेतली. पाण्यास विसावा न ठेवतां त्याच्याच जागेवर बांधलेलें घर ही घर मागणाऱ्याचीच फसवणूक होय. म्हणून पक्षी कीं गरीब, हा प्रश्नच आम्हांस खोटा वाटतो.

जाणाऱ्यांनीं मुलांस बरोबर न्यावें आणि निघण्यापूर्वीं पंचांग पाहावें. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ अदमासें निघते, असा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे; चतुर्थीस ती तीनच्या सुमारास. त्याआधीं तासभर बांधावर उभें राहावें. पाणी चढूं लागलें कीं थवे उठतात, आणि नकाशांत ज्या डबक्यांवर पक्ष्यांचें नांव नाहीं त्यांवरच येऊन उतरतात.