आइसलँडची दैनंदिनी : आभाळातलं पाणी, खडकातली चव

सोमवार, रेक्याविक

हॉटेलच्या गरम नळाला सडक्या अंड्यांचा वास. हायड्रोजन सल्फाइड! काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंघोळीला हे, प्यायला थंड नळाचं." बायकोने चांदीची अंगठी काढून पर्समध्ये टाकली, ती काळी पडते म्हणे.

मंगळवार, हौकादालुर

स्ट्रोक्कुर हे गरम पाण्याचं कारंजं दर सहा-दहा मिनिटांनी उसळतं. आधी कुंडातलं पाणी खालीवर होतं, मग निळा घुमट फुगतो आणि फुटतो. पंधरा-वीस मीटर उंच फवारा, वाऱ्याच्या बाजूला उभे असलेले सगळे चिंब. शाळेतल्या बर्नरमुळे ठाऊक असलेला बुन्सेन 1846मध्ये इथे आला होता. शेजारच्या गेसिर कारंज्याच्या नळीत त्याने तापमान मोजलं. खोलवर पाणी शंभर अंशांच्या वर, तरी उकळत नव्हतं. वरच्या पाण्याचा भार त्याला दाबून धरत होता. तेच पाणी थोडं वर सरकलं की दाब घटतो आणि एकदम वाफ होते.

हे पाणी ज्वालामुखीच्या पोटातलं असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण 1950-60च्या दशकांत शास्त्रज्ञ हार्मन क्रेगने अशा पाण्यांतले समस्थानिक तपासले. हायड्रोजन थेट स्थानिक पावसाशी जुळला. ऑक्सिजन तेवढा, खडकाशी देवाणघेवाण झाल्याने, जरा जड निघाला. म्हणजे मूळ पाणी पावसा-बर्फाचंच. ज्वालामुखी देतो ती मुख्यतः उष्णता आणि थोडे वायू. बाकी क्षार खडकातले.

कुंडाच्या काठावरचा राखी, खरखरीत थर सिलिकाचा. पाणी जितकं तापतं तितकी सिलिका जास्त विरघळते, म्हणून ती मोजून खालचं तापमान बोअर न घेता काढता येतं. ही युक्ती मला फवाऱ्याहून भारी वाटली.

(आपल्याकडे वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांखालीही इथल्यासारखा बेसॉल्टच. पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवालेला. तिथलं पाणी भेगांतून खोल जाऊन तापतं.)

बुधवार

दिवसभर गाडी. पाऊस.

गुरुवार, नामाफ्याल

इथे कारंजी नाहीत, करड्या चिखलाचे रटरटणारे खड्डे आहेत. पाणी खालीच राहतं. वर येते वाफ आणि तोच वासाचा वायू. हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं आणि ते खडकाची पार माती करून टाकतं. फटींच्या तोंडाशी पिवळंजर्द गंधक. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी ते इथून खणून नेत. दोरीपलीकडे पाय टाकायचा नाही. वरची खपली पातळ, खाली उकळता चिखल.

उद्या क्राफ्ला ज्वालामुखी. 2009मध्ये तिथे बोअर घेताना सुमारे 2.1 किलोमीटरवर ड्रिल थेट शिलारसात घुसलं होतं.